उलथन्याला लागलेली धूळ

पातेल्याच्या तळाचं खरवडायला आपण उलथनं घेतो. २०१० साली जपानी संशोधकांनी तसंच एक चिमुकलं टेफ्लॉनचं उलथनं मुद्दाम घडवलं. खरवडायचा होता अवकाशातून आलेला एक डबा. सात वर्षं वाट पाहून उघडला, तर नुसत्या डोळ्यांना तो रिकामाच! उलथनं आतल्या बाजूने फिरवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा त्याच्या कडेला धूळ दिसली. असे सुमारे दीड हजार कण निघाले. बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक.

ते आणणाऱ्या यानाचं नाव हायाबुसा, म्हणजे बहिरी ससाणा. ९ मे २००३ ला ते निघालं आणि २००५ च्या सप्टेंबरात इटोकावा या लघुग्रहापाशी पोचलं. लांबी जेमतेम ५३५ मीटर; दगडगोट्यांचा सैल ढिगाराच तो. तिथे पोचेपर्यंत यानाचा तोल सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी एक बंद पडलं होतं, पुढे दुसरंही गेलं. सोबतचा मिनर्व्हा नावाचा छोटा रोबो लघुग्रहावर न उतरता अवकाशात निघून गेला. पृष्ठभागावर गोळी झाडून उडेल ती धूळ डब्यात घ्यायची, असा बेत होता. ती गोळी सुटलीच नाही. यान टेकताना जी धूळ उडाली, तेवढीच पदरात पडली.

मग इंधनगळती झाली आणि डिसेंबरात संपर्कच तुटला. जानेवारी २००६ मध्ये क्षीण संकेत आला, पण २००७ चं परतणं २०१० वर गेलं.

खरी कसोटी नोव्हेंबर २००९ मध्ये लागली. यानाची आयन इंजिनं झेनॉन वायूचे धनभारित कण मागे फेकत; तो भार फेडायला प्रत्येकाला इलेक्ट्रॉन सोडणारा न्यूट्रलायझर जोडलेला. चारही इंजिनं थकली, तेव्हा एकाचा धड न्यूट्रलायझर आणि दुसऱ्याचा धड आयनस्रोत जोडून एक इंजिन उभं केलं. याला आपण जुगाड म्हणू, पण ते अन्यायाचं होईल. अशी जोडणी करता यावी म्हणून उड्डाणाआधीच परिपथात एक डायोड बसवून ठेवला होता. प्रकल्पप्रमुख जुनइचिरो कावागुची यांनी देवळाचीही पायरी चढली. ओकायामातल्या त्या देवळाच्या नावातली अक्षरं तीच, जी जपानीत ‘न्यूट्रलायझर’ लिहिताना येतात!

१३ जून २०१० ला ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या आकाशात यान जळून गेलं. तो डबा पोटात घेतलेली ४० सेंटिमीटर व्यासाची कुपी तेवढी खाली आली.

त्या धुळीने एक जुना वाद मिटवला. पृथ्वीवर सर्वाधिक सापडणारे साधे कॉन्ड्राइट उल्कापाषाण इटोकावासारख्या ‘एस’ प्रकारच्या लघुग्रहांचेच तुकडे, हे कण हाती घेऊन सिद्ध झालं. पुढे हायाबुसा-२ ने र्‍युगू या लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम, तर अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम माती आणली. इटोकावाची सगळी धूळ एकत्र केली, तरी एक मिलिग्रॅम भरत नाही.