पायरी नसलेली ट्राम : युरोपीय शहरांतील प्रवासीकेंद्री वाहतूक

सार्वजनिक वाहतुकीची आखणी करताना मार्गाची लांबी, गाड्यांची संख्या आणि भाडे यांचा हिशेब सर्वत्र केला जातो. मात्र घराबाहेर पडलेली व्यक्ती दुसऱ्याच्या मदतीवाचून गाडीत चढू शकेल काय, हा प्रश्न युरोपातील नियोजनकारांनाही फार उशिरा पडला. जुन्या धाटणीच्या ट्राममध्ये चाके, आस आणि मोटारी फरशीखाली बसवलेल्या असत. त्यामुळे फरशी जमिनीपासून पाऊण मीटरहून अधिक उंच राही आणि आत शिरण्यासाठी दोन-तीन उभ्या पायऱ्या चढाव्या लागत. धडधाकट माणसाच्या त्या लक्षातही येत नसत. व्हीलचेअर वापरणाऱ्याचा प्रवास मात्र तेथेच संपत असे.

ही पायरी हटवण्याचा फ्रान्समधील पहिला मोठा प्रयत्न ग्रेनोबल येथे झाला. आल्प्सच्या कुशीतील या शहराने आपली जुनी ट्राम १९५२ मध्ये बंद केली होती. इंधनटंचाईच्या अनुभवानंतर फ्रेंच सरकारने १९७५ मध्ये आठ शहरांना ट्रामचा फेरविचार करण्यास सुचवले. ग्रेनोबल त्यांपैकी एक होते. सर्व शहरांना वापरता येईल असा ट्रामगाडीचा एक प्रमाण आराखडाही पुढे तयार झाला. त्यानुसार बनलेली गाडी सर्वप्रथम नांत शहरात १९८५ मध्ये धावू लागली. तिला पायऱ्या होत्या.

ग्रेनोबलमध्ये जून १९८३ मध्ये ट्रामच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यात आले आणि सुमारे ५३ टक्के मतदारांनी अनुकूल कौल दिला. परंतु शहरातील दिव्यांगांच्या संघटनांना केवळ ट्राम नको होती. जिच्यात आपल्याला चढता येईल अशी ट्राम हवी होती. त्यांचा आग्रह इतका चिवट होता की तयार आराखडा पुन्हा हाती घेणे भाग पडले. अभियंत्यांनी मोटारी असलेली चाके गाडीच्या दोन्ही टोकांना नेली आणि मधल्या चाकांची आस वाकवून खाली घेतली. त्यामुळे मधला बराच मोठा भाग जमिनीपासून सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीवर आणता आला. थांब्यांचे फलाटही त्या बेताने उंचावण्यात आले. उरलेली फट झाकण्यासाठी दारातून बाहेर सरकणारी पट्टी बसवण्यात आली. ही सेवा सप्टेंबर १९८७ मध्ये सुरू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मागणी दिव्यांगांची होती, पण लाभ सर्वांच्याच पदरी पडला. बाबागाडी ढकलणारी आई, काठी टेकत चालणारे आजोबा, जड सामान घेतलेला प्रवासी असे सारेच सरळ आत जाऊ लागले. चढउतार लवकर उरकला की गाडी थांब्यावर कमी वेळ रेंगाळते, हा वाहतूक व्यवस्थेचा स्वतःचा फायदा होय. पुढे नांतनेही आपल्या ट्रामगाड्यांच्या मधोमध कमी उंचीच्या फरशीचा एक भाग जोडून घेतला. आरंभीच जे आराखड्यात बसले असते, ते तेथे ठिगळासारखे मागाहून लावावे लागले.

गाडीची फरशी खाली आली तरी काम अर्धेच होते. बसचालक टायर घासेल या धास्तीने गाडी पदपथापासून हातभर दूर उभी करतो आणि कमी उंचीची फरशी निरुपयोगी ठरते. जर्मनीतील कासेल शहरात १९९० च्या दशकात यावर एक साधा उपाय काढण्यात आला. थांब्याच्या कडेचा दगड अंतर्वक्र घडवला, म्हणजे टायर त्याला टेकून अलगद सरकते आणि बस काठाला अगदी लागून उभी राहते. या दगडाचे नाव आजही त्या शहरावरूनच घेतले जाते. अर्थात थांब्यावर कोणी आपली मोटार उभी करून ठेवली, तर दगड कितीही शहाणा असून काय उपयोग!

दृष्टिहीन प्रवाशाची अडचण निराळी असते. गाडी आली हे त्याला कळते; ती कोणती, हे कळत नाही. प्रागमध्ये त्यासाठी खिशात मावणारे किंवा पांढऱ्या काठीतच बसवलेले एक छोटे प्रक्षेपक यंत्र वापरले जाते. बटण दाबताच समोरच्या ट्रामचा बाहेरील ध्वनिवर्धक मार्गाचा क्रमांक व दिशा सांगतो. दुसरे बटण दाबले की दृष्टिहीन प्रवासी चढणार असल्याची सूचना चालकाला मिळते. आवाज हवा तेव्हाच होतो, त्यामुळे शेजारपाजारच्या रहिवाशांचीही तक्रार उरत नाही.

यंत्रणा उभी राहिली तरी माणसांचा प्रश्न शिल्लक राहतोच. लंडनमध्ये वारसा म्हणून राखलेल्या काही गाड्या वगळता सर्व बसगाड्या २००५ अखेर कमी उंचीच्या फरशीच्या झाल्या. अशा बसमध्ये व्हीलचेअरसाठी जागा राखलेली असते. पण तीच जागा बाबागाड्यांनाही सोयीची वाटते. उत्तर इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये अशाच एका प्रसंगी बाबागाडी हलवण्यास नकार मिळाल्याने व्हीलचेअरवरील प्रवाशाला बस सोडून द्यावी लागली आणि प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. चालकाने एकदा विनंती करून हात झटकणे पुरेसे नाही, नकार अवाजवी वाटल्यास काही मिनिटे बस थांबवून धरण्यासारखी पावले विचारात घ्यावीत, असा निर्णय २०१७ मध्ये लागला. अडून बसलेल्या प्रवाशाला उतरवलेच पाहिजे, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही.

भुयारी रेल्वेची स्थिती सर्वांत बिकट आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, पॅरिसची १९०० ची. पॅरिसमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेला १४ क्रमांकाचा मार्ग पहिल्यापासून उद्वाहनांसह बांधला गेला. जुने मार्ग बव्हंशी जिन्यांचेच राहिले. लंडनच्या २७२ स्थानकांपैकी सुमारे एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांवाचून फलाटापर्यंत जाता येते. शतकापूर्वीच्या अरुंद भुयारात उद्वाहन बसवणे हे खर्चाचे आणि कित्येकदा जागेअभावी अवघड काम असते.

कायद्यांनी मुदती घातल्या, पण त्या पाळल्या गेल्याच असे नाही. फ्रान्सने २००५ च्या कायद्याने दहा वर्षांची मुदत दिली, जुन्या भुयारी मार्गांना पर्यायी वाहतुकीच्या अटीवर वगळले आणि २०१४ मध्ये उरलेल्यांनाही वाढीव अवधी दिला. काटेकोरपणाबद्दल ख्यात असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये २००४ पासून लागू झालेल्या कायद्याची वीस वर्षांची मुदत २०२३ अखेर संपली. तोवर अनेक रेल्वे स्थानके आणि बसथांब्यांचा मोठा भाग अपूर्णच होता.

जेथे पायरी उरली आहे, तेथे कर्मचाऱ्यांची मदत मिळते. परंतु ती आधी मागावी लागते. युरोपीय संघाच्या रेल्वे प्रवाशांविषयीच्या २००७ च्या नियमांत ही पूर्वसूचना ४८ तासांची होती. २०२१ मध्ये संमत होऊन जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ती सर्वसाधारणपणे २४ तासांवर आणली. ग्रेनोबलच्या ट्राममध्ये चढण्यासाठी मात्र अशी सूचना द्यावी लागत नाही.