साहेबाच्या देशातला अमेरिकन

अमेरिकन माणूस नोकरीसाठी किंवा लग्न करून ब्रिटनला राहायला गेला, की तो जणू आजोळीच गेला असं आपण धरून चालतो. भाषा तीच, आडनावंही तीच, दोन्ही सरकारांची दोस्ती जगजाहीर. मग अडचण कसली? जाणारे अमेरिकनही बरेचदा हाच समज घेऊन विमानात बसतात. प्रत्यक्षात ब्रिटिश गृहखात्याच्या लेखी न्यूयॉर्कचा माणूस आणि पुण्याचा माणूस हे दोघेही सारखेच परदेशी. राहण्याच्या व्हिसाचे प्रकार तेच, फी तीच. काही सवलती अमेरिकनाला आहेत, एक मोठा हक्क मात्र पुणेकरालाच आहे. आणि अमेरिकनाची झोप ज्यामुळे सर्वांत जास्त उडते ते प्रकरण ब्रिटनचं नसतंच. ते अमेरिकेतून त्याच्या मागोमाग आलेलं असतं.

गैरसमज : अमेरिकन पासपोर्ट दाखवला की ब्रिटनचे दरवाजे उघडे

सहा महिन्यांपर्यंत फिरायला जायचं असेल तर जवळजवळ खरं. व्हिसा लागत नाही. ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी तेवढी आधी काढावी लागते. मे २०१९ पासून विमानतळावरच्या ई-गेटमधूनही अमेरिकनांना जाता येतं. आपल्याला साध्या सहलीसाठीही व्हिसा काढावा लागतो आणि वर अधिकाऱ्याच्या खिडकीसमोर रांग लावावी लागते, त्यामुळे हा फरक डोळ्यांत भरतो आणि पुढचं सगळं आपण त्यावरूनच ठरवून टाकतो.

पण मुक्काम करायचा म्हटलं की चित्र बदलतं. नोकरीसाठी जायचं तर ब्रिटिश मालकाने प्रायोजक व्हायला हवं. लग्नाने तर काहीच आपोआप मिळत नाही. ब्रिटिश जोडीदाराचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर असल्याचं सिद्ध करावं लागतं. २०१२ पासून ही मर्यादा वर्षाला १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. म्हणजे मँचेस्टरमधल्या मुलीने टेक्सासच्या मुलाशी लग्न केलं काय किंवा ठाण्याच्या मुलाशी केलं काय, तिच्या पगाराची चौकशी सारखीच. इंग्रजीच्या परीक्षेतून आणि क्षयरोगाच्या तपासणीतून अमेरिकन सुटतो, एवढीच त्याची सवलत.

लग्नाच्या मार्गाने आलेल्याला कायम वास्तव्याचा हक्क साधारणपणे पाच वर्षांनी मागता येतो. त्याआधी 'लाइफ इन द यूके' नावाची चाचणी द्यावी लागते : २४ प्रश्न, ४५ मिनिटं, उत्तीर्ण व्हायला १८ उत्तरं बरोबर हवीत. पुढे नागरिकत्व घेतलं तर समारंभात राजाशी आणि त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची. १७७६ साली ज्यांनी तिसऱ्या जॉर्जचं राज्य झुगारलं त्यांच्या वंशजांना ही ओळ म्हणताना काय वाटत असेल, हे एकदा विचारायला हवं. मात्र शपथ घेऊनही अमेरिकन पासपोर्ट खिशात राहतो, कारण दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व चालतं. भारतीयाने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं.

गैरसमज : मतदानाच्या बाबतीत तरी अमेरिकन आपल्या पुढे असणार

इथे उलटं आहे. ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर राष्ट्रकुलातल्या नागरिकांनाही आहे. भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला, याची तोड १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यात निघाली. त्यामुळे कामाच्या व्हिसावर लंडनला गेलेली, भारतीय पासपोर्टवरची एखादी नाशिकची मुलगी वैध वास्तव्याच्या जोरावर मतदार यादीत नाव घालून ब्रिटनचा खासदार निवडू शकते. तिच्या शेजारी तीस वर्षं राहणाऱ्या, कर भरणाऱ्या, पण ब्रिटिश नागरिकत्व न घेतलेल्या अमेरिकनाला ते करता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जणांना हा हक्क असल्याचं ठाऊकच नसतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मात्र तिथल्या विधिमंडळाच्या आणि स्थानिक निवडणुकांत कायदेशीररीत्या राहणाऱ्या इतर परदेशी नागरिकांनाही मत आहे.

अमेरिकनाचं मत अमेरिकेतच राहतं. तो शेवटी ज्या राज्यात राहत होता तिथला मतदार म्हणून परदेशातून मतपत्रिका मागवतो. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने तो हक्क पक्का केला आहे.

गैरसमज : तिथे दवाखाना फुकट, म्हणून अमेरिकन तिकडे पळतात

५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा, एनएचएस, उपचाराच्या वेळी बिल देत नाही हे खरं. पण बाहेरून राहायला आलेल्याला व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. एप्रिल २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता. ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसासाठी १,०३५ पौंड आहे. आणि तो दरवर्षी थोडाथोडा भरायची सोय नाही, व्हिसाच्या सगळ्या मुदतीचे पैसे आगाऊ द्यायचे. परदेशातून अर्ज करणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसाला ही रक्कम ३,१०५ पौंड होते, व्हिसाची फी वेगळी. नोकरी लागल्यावर कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो आणखी वेगळा. पर्यटकाला तर अपघात विभागात उपचार मोफत मिळतात, पण वॉर्डात दाखल झाला की बहुतेक वेळा बिल येतं, तेही सेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट.

उलट बाजूचा गैरसमज अमेरिकेत जास्त पसरलेला आहे : सरकारी दवाखाना म्हणजे रांगेतच मरायचं. रांगा आहेत, आणि मोठ्या आहेत. इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षा यादीत सत्तर लाखांहून जास्त नोंदी गेल्या काही वर्षांत होत्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची असेल तर अमेरिकन माणूस वैतागतो, आणि त्याचं वैतागणं रास्त आहे. पण नोकरी गेली म्हणून आरोग्य विमाही गेला, ही अमेरिकेतली भीती इथे नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधामागे ९.९० पौंडांचं ठरावीक शुल्क, मग औषध कितीही महाग असो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तेही नाही. दातांचं मात्र कुणी विचारू नये. एनएचएसचा दंतवैद्य मिळणं हे बऱ्याच गावांत नशिबाचं काम आहे.

गैरसमज : तीस वर्षं गाडी चालवलेल्याला लायसन्सची काय चिंता

अमेरिकन लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते. भारतीय लायसन्सचंही तसंच. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांचं लायसन्स बदलून ब्रिटिश मिळतं, अमेरिकेचं मिळत नाही. त्यामुळे टेक्सासमध्ये अवाढव्य पिकअप हाकलेला मनुष्य इथे शिकाऊ परवाना काढतो, पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा देतो, पडद्यावर धोके ओळखतो आणि मग रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळायची वाट बघत बसतो. बारा महिने उलटले आणि परीक्षा झालेली नसेल, तर गाडीला लाल 'एल' आणि शेजारी लायसन्सवाला सोबती. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर फक्त ऑटोमॅटिकचंच लायसन्स मिळतं. अमेरिकेत बहुतेकांचं आयुष्य ऑटोमॅटिकवरच गेलेलं असतं, म्हणून हा नियम त्यांना खास बोचतो. डाव्या बाजूने चालवायची सवय काही आठवड्यांत होते. गोल चौकांची व्हायला वेळ लागतो. या बाबतीत आपण जन्मजात डावे असल्याने सुखी.

गैरसमज : घर म्हणजे घर, त्यात वेगळं काय असणार

अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, ब्रिटनमध्ये २३० ची. प्लगचं तोंड बदलणारा स्वस्तातला अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे कितीतरी जणांना हेअर ड्रायरमधून धूर निघाल्यावर कळतं. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर बहुधा दोन्हीवर चालतात, पण उष्णता तयार करणारी उपकरणं अमेरिकेतच ठेवून आलेली बरी. सॉकेटला बटण असतं याचंही त्यांना अप्रूप. आपल्याला त्यात काही नवीन नाही. ब्रिटिश प्लगच्या पोटात मात्र स्वतःचा फ्यूज असतो, बाथरूममध्ये दाढीच्या यंत्राच्या पॉइंटशिवाय सहसा सॉकेट नसतं, आणि दिवा लावायला छतापासून लोंबणारी दोरी ओढायची. हा सुरक्षिततेचा हिशेब आहे, मागासलेपण नव्हे.

गरम आणि गार पाण्याचे दोन वेगळे नळ हा तर अमेरिकनांच्या थट्टेचा आवडता विषय. एका नळाखाली हात भाजतो, दुसऱ्याखाली गोठतो. त्यामागे कारण आहे. जुन्या घरांत गार पाणी थेट नगराच्या मुख्य नळातून येई, ते पिण्याजोगं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून बंबात जाऊन येई, आणि ती टाकी कधी उघडी, कधी त्यात काहीबाही पडलेलं. ते पाणी मुख्य नळात उलट शिरू नये म्हणून दोन्ही वेगळी ठेवली. टाक्या गेल्या तरी खूप घरांत नळांची जोडी शिल्लक आहे.

अशा चिडचिडीची दखल १९४२ मध्येच घेतली गेली होती. ब्रिटनला पाठवलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हाती त्यांच्या युद्धखात्याने एक छोटी पुस्तिका दिली : पगाराची फुशारकी मारू नका, राजावर टीका करू नका, लोक कमी बोलतात म्हणून तुसडे समजू नका. १९४४ च्या वसंतात असे पंधरा लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक त्या बेटावर होते. ब्रिटनमध्ये मुक्काम असताना युद्धात मेलेल्या २८,००० हून अधिक जणांची नावं लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या ग्रंथात आहेत. त्याच कॅथीड्रलमध्ये दर नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाची प्रार्थना होते. बाहेर मात्र तो साधा कामाचा गुरुवार असतो. रजा टाकावी लागते. दुसऱ्या दिवशीचा ब्लॅक फ्रायडेचा सेल ब्रिटनने आनंदाने उचलला, आदल्या दिवसाची सुट्टी नाही.

रजा मात्र भरपूर. पूर्णवेळ नोकरदाराला कायद्यानेच २८ दिवस पगारी रजा मिळते, सार्वजनिक सुट्ट्या त्यात धरल्या जाऊ शकतात. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने एकही नाही. टिपचंही असंच : अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या वेटरचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर, ब्रिटनमध्ये वेटरला इतरांइतकंच किमान वेतन द्यावं लागतं. म्हणून बारवर बिअर घेताना कुणी टिपची वाट बघत नाही.

आणि पाऊस? लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पडतो, न्यूयॉर्कमध्ये त्याच्या दुप्पट. त्रास पावसाचा नाही, अंधाराचा आहे. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आतच मावळतो.

गैरसमज : ब्रिटनमध्ये कर भरला की संपलं

अमेरिकन माणसाचा खरा ताप इथे आहे. पुण्याहून लंडनला गेलेला इंजिनीअर कर-निवासी ब्रिटनचा झाला, की तिथल्या पगारावर भारतात कर देत नाही. जवळजवळ सगळं जग असंच चालतं : जिथे राहता तिथे भरा. अमेरिका नागरिकत्वावर कर लावते. तिच्याखेरीज अशी ठळक दुसरी व्यवस्था इरिट्रियाची. याची मुळं अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या करांत आहेत, आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत राहणाऱ्या एका अमेरिकनाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार वैध ठरवला.

म्हणजे दोनदा कर भरायचा का? बहुतेकांना नाही. २०२५ या वर्षासाठी परदेशातल्या कमाईतले १,३०,००० डॉलरपर्यंत वगळता येतात, किंवा ब्रिटनमध्ये भरलेल्या कराची वजावट मिळते. पण देणं शून्य निघालं तरी विवरणपत्र चुकत नाही. ब्रिटिश जोडीदार अमेरिकेच्या कराच्या जाळ्यात नको म्हणून विवाहित अमेरिकन वेगळं विवरणपत्र भरतो, आणि त्या वर्गात ते भरण्याची किमान उत्पन्नमर्यादा आहे फक्त पाच डॉलर. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांचा तपशील अमेरिकन अर्थखात्याला वेगळा कळवायचा. २०१० च्या फॅटका कायद्यानंतर ब्रिटिश बँकाही ही माहिती पुरवतात. काही गुंतवणूक कंपन्या ही कटकट नको म्हणून अमेरिकन ग्राहकच घेत नाहीत. ब्रिटनमध्ये ज्याच्या नफ्यावर कर नाही ते आयएसए खातं अमेरिकेच्या दृष्टीने साधं करपात्र खातं, आणि त्यात म्युच्युअल फंड असले तर हिशेब भलताच किचकट.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण बोरिस जॉन्सन. जन्म १९६४ चा, न्यूयॉर्कचा, म्हणून जन्माने अमेरिकन नागरिक. लहानपणीच ब्रिटनला आले. लंडनचं घर विकलं, ब्रिटनमध्ये राहत्या घराच्या नफ्यावर कर नव्हता, अमेरिकेने मात्र मागितला. लंडनचे महापौर असताना त्यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे नकार दिला, पुढे तो हिशेब मिटवला आणि मग अमेरिकन नागरिकत्व सोडलं.

मराठी घरांनी हे वाचून सोडून देऊ नये. न्यू जर्सीत असताना झालेलं मूल जन्माने अमेरिकन नागरिक असतं, आईवडील एच-वन-बीवर असले तरी. अशी कुटुंबं पुढे बदली होऊन लंडनला जातात, मूल तिथेच मोठं होऊन कमावू लागतं, आणि अमेरिकेचं देणं-घेणं त्याच्या नावावर राहतं. आजीने कोथरूडच्या बँकेत त्याच्या नावाने ठेवलेली मुदतठेवही त्या १०,००० डॉलरच्या हिशेबात मोजली जाते. ग्रीन कार्ड परत न करता लंडनला गेलेल्यांनाही हाच नियम. नागरिकत्व सोडायचं तर सहसा अठरा वर्षं पूर्ण हवीत, वकिलातीत समक्ष जाऊन शपथ घ्यावी लागते, आणि बाहेर पडतानाच्या कडक कर-नियमांतून सुटायचं असेल तर मागची पाच वर्षं अमेरिकेची सगळी करविषयक कर्तव्यं पार पाडल्याचं लिहून द्यावं लागतं.