मोठ्या राइडची रांग : सकाळचा एक तास कसा साधावा?

हैदराबादचे वंडरला उद्यान पाहून आलेल्या पोरांना विचारा, काय पाहिले? ती 'रिकॉइल' सांगतात. त्यांच्या आईवडिलांना विचारा, ते रांग सांगतात. दोघांचेही खरे असते. रिकॉइल म्हणजे रुळावरची उलटीपालटी होणारी गाडी. आधी ती मागे ओढून उंचावर नेतात आणि तेथून सोडतात. गिरक्या घेत ती पलीकडच्या टोकाला चढते, क्षणभर थांबते आणि आल्या वाटेने, पाठ पुढे करून परत येते. बसल्यापासून उतरेपर्यंत सारा खेळ दोनेक मिनिटांचा. त्या दोन मिनिटांसाठी सुटीच्या दिवशी तास-दीड तास उन्हात उभे राहावे लागते, तेव्हा वर्षभर भिशीत पैसे टाकून आलेल्या माणसाचा जीव हळहळणारच.

ही रांग टाळता येते का, याचा विचार या पानावर करू. कारण सहल ही आपल्या घरात रोज होणारी गोष्ट नाही. हातावर पोट असणाऱ्याला एका दिवसाच्या सहलीसाठी दोन-तीन दिवसांचा खाडा पडतो. रेल्वेचे भाडे, चौघांची तिकिटे, वरखर्च हे सगळे धरले तर उद्यानातला एक-एक तास विकत घेतलेला असतो. त्यातले तीन तास रांगेत गेले तर पैसे गेले कुठे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता हैदराबादच का? आपल्या महाराष्ट्रातही अशी उद्याने आहेत. मुंबईला नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना गोराईचे एस्सेलवर्ल्ड आठवत असेल. १९८९ साली ते सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले. बोटीतून जायचे, ही त्यातली अर्धी मौज होती. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे आणि तेथील 'नायट्रो' या रोलर कोस्टरची रांगही तशीच नावाजलेली आहे. परंतु हिंगोलीकराला खोपोलीपेक्षा हैदराबाद जवळ पडते. अकोला-पूर्णा लोहमार्ग रुंद झाल्यापासून हिंगोली, वसमतहून पूर्णा-नांदेडमार्गे काचीगुड्याकडे जाता येते. शिवाय १९४८ पर्यंत आपला हा सारा भाग हैदराबाद संस्थानातच होता. जुन्या माणसांना ते शहर परके वाटत नाही आणि दखनी बोलीत काम भागते. वंडरला २०१६ च्या एप्रिलमध्ये तेथे सुरू झाले. ते शहराच्या दक्षिणेला, रावीर्याल गावाजवळ, आउटर रिंग रोडला लागून आहे. स्टेशनापासून ते बरेच लांब आहे, हे मात्र आधीच ध्यानात ठेवावे.

रांग कशी वाढते, हे समजायला हैदराबादला जायची गरज नाही. हिंगोलीचे दसरा प्रदर्शन आपल्याला पाठ आहे. रामलीला मैदानावरचा आकाशपाळणा आठवा. तो फिरतो थोडा वेळ, पण भरायला आणि रिकामा करायला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण एक-एक डबा खाली आणून माणसे उतरवायची आणि नवी बसवायची. रांग लांब होते ती पाळणा हळू फिरतो म्हणून नव्हे, माणसे बसवण्यात वेळ जातो म्हणून. (आपली पुष्कळ मंडळी त्याच दिवसांत दीक्षाभूमीला निघतात. त्यामुळे पोरांची पाळण्याची हौस दसऱ्याच्या आधी नाहीतर नंतर भागवावी लागते. तेही एका परीने बरेच. दसऱ्याच्या रात्रीची गर्दी तरी टळते.)

रिकॉइलचे दुखणे हेच, पण जास्त कडक. या जातीच्या रोलर कोस्टरला गाडी एकच असते. दुसरी गाडी लावता येत नाही, कारण गाडी त्याच रुळाने मागे येते. पहिली फेरी संपून माणसे उतरली की मगच पुढची बसणार. गाडीत बसतात २८ जण. बनवणाऱ्या व्हेकोमा या डच कंपनीच्या हिशोबाने अशा गाडीतून तासाला ७६० जण फिरू शकतात. पण तो कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात कोणी चप्पल काढून ठेवतो, कोणाचा पट्टा नीट बसत नाही, कोणाला ऐन वेळी भीती वाटते आणि तो उतरतो. समजा एका फेरीला चार मिनिटे लागली. म्हणजे तासाला १५ फेऱ्या आणि ४२० माणसे.

येथे पाटी-पेन्सिल घ्या. पोरांनाच हा हिशोब करू द्या. समजा दार उघडल्यावर पहिल्या तासात ७०० माणसे त्या रांगेकडे आली. फिरून बाहेर पडली ४२०. उरली २८०. आता जो नवा येईल त्याच्यापुढे २८० माणसे, म्हणजे दहा फेऱ्या, म्हणजे ४० मिनिटे. पुढे दुपारभर जितके येतात तितकेच जात राहिले, तरी ती ४० मिनिटे कमी होत नाहीत. सकाळच्या एका तासात साठलेली रांग दिवसभर तशीच बसून राहते. तिसऱ्या प्रहरी आलेला माणूस म्हणतो, "आज फार गर्दी आहे." खरे तर ती गर्दी सकाळची असते, तो फक्त तिची शेपटी धरतो.

याउलट, दार उघडताच जे पहिले शंभर जण पोचतात त्यांची वाट किती? चार फेऱ्या, फार तर पंधरा-सोळा मिनिटे. एकाच राइडसाठी एकाच दिवशी एकाला १५ मिनिटे आणि दुसऱ्याला तास लागतो. दोघांनी तिकिटाचे पैसे मात्र सारखेच मोजलेले असतात.

हे शास्त्र आहे, आमच्या डोक्यातून निघालेले नाही. डेन्मार्कचे ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन केंद्रात येणाऱ्या कॉलचा गणिती हिशोब मांडला, तेथून रांगांच्या गणिताला सुरुवात झाली. पुढे अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये अगदी साधा वाटणारा एक नियम सिद्ध केला. रांगेत सरासरी किती माणसे आहेत आणि तासाला किती पुढे सरकतात, हे कळले की सरासरी किती वेळ थांबावे लागेल ते कळते. रेशनच्या दुकानापुढे उभी राहणारी आपली आई हे गणित न शिकताच करत असते. पुढच्या बायका मोजते, मापाड्याचा हात पाहते आणि ठरवते, थांबायचे की चूल पेटवून परत यायचे. उद्यानातही तेच करायचे. रांगेत शिरण्यापूर्वी दोन फेऱ्या घड्याळ लावून पाहा, एका फेरीत किती बसतात ते मोजा, पुढची डोकी अंदाजे मोजा. हिशोब तासाच्या वर गेला तर सरळ दुसऱ्या राइडकडे वळा. भिडेखातर रांगेत राहू नका.

सकाळ साधायची म्हणजे सकाळच्या इतर रांगा आधी मोडाव्या लागतात. राइडच्या आधी तीन रांगा असतात : तिकिटाची, तपासणीची आणि सामान ठेवण्याची. बरीच कुटुंबे तेथेच पाऊण तास घालवतात आणि मग रिकॉइलच्या रांगेला दोष देतात.

तिकीट घरूनच काढावे. कॉलेजात जाणारा भाचा, पुतण्या मोबाइलवर पाच मिनिटांत काढून देतो. त्याच वेळी त्या दिवसाची उघडण्याची वेळ पाहून घ्यावी, कारण ती हंगामाप्रमाणे बदलते. उद्यानाचे दार आणि एखादी मोठी राइड एकाच वेळी सुरू होईल असेही नाही. आत शिरताना दारावरच्या माणसाला "रिकॉइल किती वाजता चालू?" हा एकच प्रश्न आधी विचारा. ती उशिरा सुरू होणार असेल तर तोवर जवळची दुसरी राइड उरकता येते.

अशा उद्यानांत बाहेरचे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत. तेव्हा घरून आणलेली भाकरी, चटणी, पिठले दाराबाहेरच, पण राइडच्या तासभर आधी खाऊन घ्यावे. भरल्या पोटी उलट्या गिरक्या सोसत नाहीत. पिशव्या जितक्या कमी तितकी तपासणी लवकर. बरोबर आजी किंवा आत्याबाई असतील तर पिशव्या, चपला, मोबाइल त्यांच्याजवळ ठेवावे, म्हणजे लॉकरची रांग वाचते. मात्र त्यांना सावलीत बसवा, पाणी द्या आणि दुपारी त्यांच्या आवडीच्या राइडला घेऊन जा. त्यांचेही तिकीट काढलेले आहे, हे विसरू नये.

भगिनींसाठी एक सूचना. साडीचा पदर आणि ओढणी अशा राइडला धोक्याची असते आणि ऐन वेळी अडवले तर कपडे बदलण्यात सकाळ जाते. घरूनच सलवार-कमीज घालून यावे, ओढणी पिशवीत ठेवावी, केस घट्ट बांधावेत. पाण्याच्या खेळांसाठी नायलॉनसारखे कपडे वेगळे आणावेत. आणि पाण्याचे खेळ दुपारी ठेवावेत. सगळेजण सकाळीच तिकडे धावले तर कोरड्या राइड मोकळ्या सापडतात. शिवाय ओल्या कपड्यांनी रोलर कोस्टरवर बसायला पोरे कुडकुडतात.

पोरांची उंची हा सर्वांत नाजूक विषय. मोठ्या रोलर कोस्टरला साधारण १४० सेंटीमीटर उंची लागते. तासभर रांगेत उभे राहून पट्टीखाली दोन बोटे कमी पडलेले पोर रडताना पाहणे फार वाईट. तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी भिंतीवर टेपने खूण करा, पोराला अनवाणी उभे करा आणि खरे काय ते त्याला घरीच सांगा. यंदा नाही, पुढच्या वर्षी, हे घरी ऐकले तर पोर समजून घेते. उंची कमी असलेल्या भावंडाला आईजवळ ठेवून वडील व थोरला बसणार असतील, तर आधी कोण आणि नंतर कोण हेही घरीच ठरवा. काही परदेशी उद्यानांत अशा जोडप्याला दुसऱ्यांदा रांग लावावी लागत नाही. येथे तशी सोय मिळते का, ते रांगेत शिरण्यापूर्वी विचारण्यात काही जात नाही. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी व गरोदर बायकांनी या राइडचा विचारच करू नये.

पहिल्या ओळीत बसण्याची हौस असते, पण त्यासाठी लोक मागच्यांना पुढे सोडत थांबतात. पोराला मधली ओळ चालत असेल तर चटकन बसून घ्यावे. जोडीच्या बाकावर एक जागा रिकामी राहिली की चालवणारा एकट्या माणसाला हाक मारतो. घरातल्या धीट मुला-मुलीने तेव्हा हात वर करावा.

आता दिवस कोणता? शनिवार-रविवार टाळावा हे सगळेच सांगतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, तेव्हा एक-एक शाळा बसगाड्या भरून उतरते. पण आम्हाला सांगायची आहे ती वेगळीच गोष्ट. तेलंगणात शाळांना लांब सुटी असते ती बतुकम्मा-दसऱ्याची, आणि पुन्हा संक्रांतीची. दिवाळीला तेथे एखाद-दोन दिवसच. आपल्याकडे लांब सुटी दिवाळीची. म्हणजे दिवाळीनंतरच्या आठवड्यात आपली पोरे मोकळी आणि हैदराबादची पोरे वर्गात! त्यातला मंगळवार, बुधवार धरला तर रांग अर्ध्यावर येण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या शाळा बंद असतात आणि वर ऊन, म्हणून मे महिना शक्यतो सोडावा. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण विजा-वारा सुटला की उंच राइड थांबवतात. तो जुगार ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर खेळावा.

राहिली पैसे देऊन पुढे जाण्याची गोष्ट. वंडरलात 'फास्टट्रॅक' नावाचे महाग तिकीट मिळते. त्याची रांग वेगळी आणि लहान. अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांनी १९९९ मध्ये अशी सोय काढली तेव्हा ती फुकट होती. चिठ्ठी घ्यायची आणि सांगितलेल्या वेळी यायचे. २०२१ पासून तेथेही ती विकतची झाली. धंदा म्हणून हे चालते, त्याला बेकायदा कोणी म्हणणार नाही. पण गणित तेच आहे. गाडीत जागा २८. त्यातल्या सहा जागा फास्टट्रॅकवाल्यांना गेल्या तर साध्या रांगेला उरतात २२, आणि आपली रांग तितकी हळू होते. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या वेळातून काढलेला असतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिलेली माणसे आपण. समता सैनिक दलाचा स्वयंसेवक हात आडवा धरतो, तेव्हा पुढे घुसायला आपल्यालाच लाज वाटते. फास्टट्रॅकचे पैसे आपल्यासारख्या कुटुंबाने घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती रक्कम परतीच्या प्रवासाला आणि पोरांच्या खाण्याला ठेवावी. आणि एकाने रांग धरायची, मग मागून दहा जणांनी घुसायचे, हा फुकटचा फास्टट्रॅकही नको.

रात्रीच्या गाडीने निघणाऱ्यांनी काचीगुड्याला उतरून तोंड धुऊन, चहा घेऊन सरळ रावीर्यालचा रस्ता धरावा. नातेवाइकांकडे जाऊन, आंघोळी उरकून, मग निघू म्हटले की दुपार झालीच समजा. नातेवाइकांना रात्री भेटावे. दार उघडण्याच्या निदान अर्धा तास आधी पोचावे आणि आत शिरल्यावर फोटो नंतर काढावेत. दारातल्या रंगीत पुतळ्यापाशी अर्धे लोक थांबतात, तेवढ्यात रिकॉइलच्या दोन फेऱ्या निघून जातात.