शंभराने वाढवले तर हातात शहाऐंशी: जुना फ्लॅट सजवून विकावा की आहे तसा?

पुण्यातल्या जुन्या फ्लॅटची किंमत १०० रुपयांनी वाढली, तर घेणाऱ्याच्या खिशातून १०८ रुपये जातात आणि विकणाऱ्याच्या हाती ८६ पडतात. मधले २२ रुपये सरकार आणि एजंट वाटून घेतात. घर विकायला काढण्याआधी रंग, फरशी, किचन यांवर खर्च करावा का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या २२ रुपयांत आहे.

घेणारा ७ टक्के मुद्रांक शुल्क भरतो (खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर ६) आणि साधारण १ टक्का दलाली देतो. नोंदणी फीला ३०,००० रुपयांची मर्यादा असल्यामुळे किंमत वाढली तरी तिथे फरक पडत नाही. विकणाराही १ टक्का दलाली देतो. उरलेल्या ९९ रुपयांवर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा साडेबारा टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण १३ टक्के जातात. हातात राहतात ८६ रुपये १३ पैसे. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ताब्यात असलेल्या घराचा हा हिशेब आहे. अधिभार धरलेला नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घर घेतलेल्या निवासी भारतीयांना महागाई निर्देशांकाचा फायदा घेऊन २० टक्क्यांनी कर मोजण्याचीही मुभा आहे. ज्यांना ती पद्धत परवडते, त्यांच्या वाढीव १०० रुपयांतून कर जास्त कापला जातो आणि हातात फक्त ७८ येतात. नफा मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर करच नाही. मग ९९ राहतात.

आता एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधला दोन बेडरूमचा, ६५० चौरस फूट चटई क्षेत्राचा, वीस-बावीस वर्षांचा फ्लॅट. आहे त्या स्थितीत ९० लाखांना मागणी आली आहे असं धरू. दुरुस्तीचे पुढचे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या कंत्राटदाराचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

मालकाने ठरवलं, सगळं नवं करूनच विकायचं. दोन्ही बाथरूम फोडून नव्या टाइल्स आणि वॉटरप्रूफिंग: ३ लाख. ओटा, ट्रॉल्या, सिंक: सव्वादोन लाख. वायरिंग आणि नवे बोर्ड: ९० हजार. रंग: ६० हजार. राडारोडा उचलणं आणि किरकोळ: २५ हजार. एकूण ७ लाख.

या यादीत एक खर्च कुणी लिहीत नाही, तो म्हणजे थांबण्याचा. ९० लाख रुपये साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर महिन्याला ४८,७५० रुपये व्याज आलं असतं. त्यात सोसायटीचा ३,५०० रुपये मेंटेनन्स मिळवला की महिन्याचा आकडा ५२,२५० होतो, दिवसाचा साधारण १,७४०. प्लंबर गावी गेला, टाइल्सचा लॉट वेगळ्या छटेचा आला, शेजाऱ्यांनी दुपारची ठोकाठोकी बंद पाडली, तरी हे मीटर चालूच असतं. कामाला अडीच महिने लागले तर १ लाख ३० हजार गेले.

म्हणजे खरा खर्च ८ लाख ३० हजार. तो भरून निघायला किंमत किती वाढायला हवी? इथे आयकर आड येतो. नवा ओटा, नवं बाथरूम अशा भांडवली सुधारणांचा खर्च बिल असेल तर नफ्यातून वजा होतो. रंग, डागडुजी, नळ बदलणं हा देखभालीचा खर्च; तो वजा होत नाही. बाथरूम आणि ओटा मिळून सव्वापाच लाखांची पक्की बिलं असतील तर किंमत किमान ८ लाख ८५ हजारांनी वाढायला हवी. 'बिल नको, जीएसटी वाचेल' म्हणून कच्च्या कागदावर काम करून घेतलं असेल, तर ९ लाख ६४ हजारांनी. हे दोन्ही आकडे फक्त खर्च भरून निघण्याचे आहेत. नफा अजून सुरूसुद्धा झालेला नाही.

घेणाऱ्याच्या बाजूने हाच हिशेब आणखी बोलका होतो.

सजवलेलं घर विकण्याच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा कर्जाचा आहे. ९० लाखांच्या घराला बँक ८० टक्के, म्हणजे ७२ लाख कर्ज देऊ शकते. उरलेले १८ लाख, मुद्रांक शुल्काचे ६ लाख ३० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि दलालीचे ९० हजार असे साडेपंचवीस लाख घेणाऱ्याला रोख उभे करावे लागतात. तरुण जोडप्याची सगळी बचत आणि आईवडिलांच्या ठेवी तिथेच संपतात. त्यानंतर बाथरूम फोडायला पैसे कुठून आणणार? दुरुस्ती मालकानेच केली आणि किंमत लाखाने वाढवली, तर त्यातले ८० हजार कर्जात जातात आणि आठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता ६६९ रुपयांनी वाढतो. रोख टंचाई असलेल्याला तो चालतो. वीस वर्षांत त्या ८० हजारांचे १ लाख ६० हजार होतात, हे घर बघताना कुणाच्या डोक्यात नसतं.

पण आपल्या उदाहरणात हा मुद्दा कोसळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की ती ७५ टक्क्यांवर येते. ८० टक्क्यांचं गणित ९३ लाख ७५ हजारांच्या घरापाशी संपतं. तिथून एक कोटीपर्यंत घराची किंमत कितीही असली, तरी कर्ज ७५ लाखांच्या पुढे सरकत नाही. आपला सजवलेला फ्लॅट ९८ लाख ८५ हजारांवर गेला, तर किंमत वाढली ८ लाख ८५ हजार, कर्ज वाढलं फक्त ३ लाख. बाकीचे ५ लाख ८५ हजार, वर वाढलेलं मुद्रांक शुल्क आणि दलाली धरून घेणाऱ्याला साडेसहा लाख जास्तीचे रोख लागतात. तेवढ्यात थोडी भर घालून त्याने स्वतःच्या आवडीच्या टाइल्स लावून घेतल्या असत्या. मालकाने ७ लाखांत केलेलं काम त्याला एकूण साडेनऊ लाखांना पडतं, आणि वर ट्रॉल्यांचा रंग दुसऱ्याच कुणाच्या पसंतीचा.

शिवाय बँक कर्ज ठरवते ते करारातली किंमत आणि मूल्यांकनाची रक्कम यांतल्या कमी आकड्यावर. मूल्यांकन करणारा क्षेत्रफळ, इमारतीचं वय, परिसर आणि आजूबाजूचे व्यवहार पाहतो. इटालियन टाइल्सकडे बघून तो मान हलवेल. आकडा हलवेलच असं नाही. फर्निचरचा वेगळा करार करून काही लोक मुद्रांक वाचवतात, पण त्या रकमेवर गृहकर्ज मिळत नाही.

अमेरिकेत घर विकण्याआधीच्या कामांची वसुली दरवर्षी मोजणारा 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावाचा अहवाल निघतो. २०२४ च्या अहवालात किचनच्या छोट्या नूतनीकरणाचे ९६ टक्के पैसे परत येताना दिसले. उंची, संपूर्ण किचनचे फक्त ३८ टक्के. त्यात पहिला नंबर गॅरेजच्या दाराचा होता, जो आपल्या काही कामाचा नाही. पण छोट्या कामाचे पैसे वसूल होतात आणि मोठ्या हौसेचे बुडतात, ही चाल तिकडेही तीच.

मग काहीच करू नये का? तसं नाही. छोट्या कामांची यादी बघा. बाथरूमच्या भिंतीपलीकडे बेडरूममध्ये आलेली ओल मुळापासून बंद करणं: ४० हजार. त्यानंतर साधा पांढरट रंग: ४५ हजार. गळके नळ, तुटलेले बोर्ड, न लागणारी दारं: १५ हजार. माळ्यावरची अडगळ काढून झाडून पुसून सफाई: १० हजार. एकूण १ लाख १० हजार. यातलं काहीही करातून वजा होत नाही असं धरलं, तरी १ लाख २८ हजारांनी किंमत वाढली की खर्च निघतो. मूळ किमतीच्या दीड टक्क्याहूनही कमी. जुन्या घराच्या व्यवहारात पहिल्या बैठकीतली घासाघीस याच्या पुढे सहज जाते. हे काम तीन आठवड्यांचं आहे आणि तेवढा वेळ कागदपत्रं जमवायला तसाही लागतो, म्हणून थांबण्याचा खर्च यात वेगळा धरलेला नाही.

यात सगळ्यात जास्त परतावा ओल काढण्याला आहे. कारण घेणारा ओलीची किंमत प्लंबरच्या दराने लावत नाही, स्वतःच्या भीतीने लावतो. पोपडे आलेली भिंत दिसली की त्याला वरच्या मजल्यावरच्याशी होणारं भांडण दिसतं, गंजलेली सळई दिसते, सोबत आलेल्या सासऱ्यांची नजर दिसते. ४० हजारांच्या कामापोटी तो दोन-तीन लाख कमी करायला सांगतो, किंवा काही न बोलता दुसरा फ्लॅट बघायला जातो. जुनाट टाइल्सचं तसं नसतं. त्या बदलायला काय लागेल, याचा अंदाज त्याला असतो.

ओलीवर नुसता रंग फासून विकण्याचा मोह मात्र टाळा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळण्याजोगा नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं ही लबाडी मानली जाते. 'आहे तसं घ्या' या बोलीत हे लपवण्याची सूट मिळत नाही.

एक परिस्थिती अशी आहे की तिथे एक रुपयासुद्धा घालू नये: सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर. पुण्यात आणि मुंबईत तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींमध्ये घेणारा विकत घेतो तो उद्याच्या इमारतीतला वाढीव चटई क्षेत्राचा हक्क. विकासक नेमल्याचा ठराव झाला आहे का, कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे आहे का, हे तो विचारतो. नव्या किचनचं मोल त्याच्या लेखी शून्य, कारण ते पाडलंच जाणार आहे. अशा इमारतीत सभासदांची वर्गणी काढून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) पूर्ण करून घेतलं, तर ते कुठल्याही ग्रॅनाइटपेक्षा जास्त भाव आणतं.

कागदपत्रं ही खरं तर घर तयार करण्याची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. बिल्डरबरोबरचा मूळ करार, त्यानंतरची सगळी खरेदीखतं, इंडेक्स टू, भागपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा ना-थकबाकी दाखला. आईवडिलांच्या पश्चात घर विकत असाल तर नॉमिनी म्हणून नाव असणं पुरेसं नाही. वारसांची हक्कसोडपत्रं आधी झाली पाहिजेत. कर्ज फेडलं असेल तर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आहेत. तिच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. महापालिका हद्दीतल्या सोसायटीने हस्तांतरणाचा प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागायचा नाही, हेही विकणाऱ्याला माहीत असावं. कागद अपुरे म्हणून व्यवहार दोन महिने लांबला तर एक लाख पाच हजार गेले. छोट्या दुरुस्तीच्या सगळ्या खर्चाएवढे.

परदेशात राहून पुण्यातलं घर विकणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे: आहे तसं विका. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत कमी दराचा दाखला आधी घेतला नसेल तर साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर. ९० लाखांवर नुसते साडेबारा टक्के म्हणजे सव्वाअकरा लाख, जे विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकून राहतात. सुट्टीचे तीन आठवडे कंत्राटदाराच्या मागे धावण्यात घालवण्यापेक्षा त्या दाखल्याच्या अर्जासाठी सनदी लेखापालाकडे घालवा.

इथे राहणाऱ्यांनी ओल काढावी, रंग द्यावा, माळा रिकामा करावा आणि तिथे थांबावं. रंगाऱ्याला बोलावण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मागच्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मात्र वाचून घ्या. पुनर्विकासाचा ठराव त्यात सापडला, तर रंगाचे ४५ हजारही वाचतील.