मनात वसलेल्या मूर्ती

ख्रिस्ती धर्मातील मूर्तिपूजेची मनाई दगडामातीच्या मूर्तींपाशी थांबत नाही. यहेज्केल संदेष्ट्याने इस्राएलच्या वडील मंडळींना दोष दिला तो त्यांनी अंतःकरणात वसवलेल्या मूर्तींबद्दल. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना लोभालाच मूर्तिपूजेत गणले.

अशी दैवते बहुधा चांगल्या गोष्टींतूनच घडतात, म्हणून ती ओळखणे अवघड जाते. मोशेने पितळी सर्प उभारला तो देवाच्याच आज्ञेवरून, लोकांचे प्राण वाचावेत म्हणून. पुढच्या पिढ्या त्याच सर्पापुढे धूप जाळू लागल्या आणि अखेर हिज्कीया राजाला तो फोडावा लागला.

देवळाली कॅम्पसारख्या छावणीच्या गावात हुद्दा, पेन्शन, मुलांचे शिक्षण, स्वतःचे घर यांची ओढ स्वाभाविकच आहे. मात्र रविवारी क्लास आणि उपासना एकाच वेळी आली की दर खेपेस उपासनाच बुडते. नाताळला कर्ज काढून घर सजते आणि दशांशाच्या पाकिटात उरलीसुरली नोट जाते. अशा घरात पहिला मान कोणाचा, हे वेगळे विचारावे लागत नाही.

जवळच नाशिक रोडला बाळ येशूचे तीर्थस्थान आहे. फेब्रुवारीतल्या यात्रेला तिथे मोठी गर्दी लोटते. प्रतिमेला दिलेला मान वेगळा आणि देवाची आराधना वेगळी, हा भेद ७८७ च्या नायसिया धर्मसभेने स्पष्ट केला होता. त्यामुळे पुतळा दिसला म्हणून भाविकांना मूर्तिपूजक ठरवणे अन्यायाचे आहे. खरा धोका सौद्यात असतो: नोकरी लागली तर मेणबत्त्या, नाही लागली तर देवाशी अबोला. एकही प्रतिमा नसलेल्या प्रार्थनासभेतही हा सौदा तितक्याच सहज होतो.

मराठी ख्रिस्ती समाजातली सर्वांत चिवट मूर्ती मात्र जातीची. नाशिकशी जन्माचे नाते असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या सोवळ्याची कहाणी आडपडदा न ठेवता लिहिली आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्यांनी जातिभेद मनातून काढला आणि मगच बाप्तिस्मा घेतला. आज लग्न जुळवताना मुलगा मंडळीतला आहे एवढ्यावर न थांबता त्याच्या आजोबांची जात विचारली जाते, तेव्हा लक्ष्मीबाईंनी टाकलेले ओझे नातवंडांच्या माथी पुन्हा चढते.

उपवासकाळाचे चाळीस दिवस अशा मूर्तींची पारख करण्यासाठी सोयीचे असतात. मोबाइल, खरेदी, मानपान यांतले काय सोडायचे म्हटल्यावर जीव कासावीस होतो किंवा राग येतो, तिथूनच शोध सुरू करावा लागतो.