छोटी मोटरहोम: चासी आणि भिंती

छोटी मोटरहोम बांधताना पहिला हिशेब वजनाचा. युरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर सर्वसाधारणपणे 3500 किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते. गाडी, तिच्यावरचे घर, माणसे, सामान असे सगळे त्या आकड्यात येते. टाकीत शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो तिथेच संपले. म्हणून चासी आणि भिंती यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

तिथल्या बांधणाऱ्यांची मोठी पसंती फियाट डुकाटोला आहे. 1981 साली आलेल्या या व्हॅनचे इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असतात आणि ओढही पुढच्याच चाकांना मिळते. मागे प्रॉपेलर शाफ्ट जात नसल्यामुळे केबिनमागचा भाग मोकळा राहतो आणि तिथे जर्मनीच्या अल-को कंपनीची जस्त चढवलेल्या पोलादाची सखल चासी बोल्टने जोडता येते. घराची जमीन खाली येते आणि गाडी वळणावर कमी झुकते. मात्र मागचा भाग लांब वाढवला की पुढच्या चाकांवरचा भार घटतो; मग ओल्या गवतावर किंवा निसरड्या चढावर ती जागीच फिरतात. नेहमीची वाट अशी असेल, तर मर्सिडीज स्प्रिंटरचे मागच्या चाकांवर चालणारे मॉडेल बरे. त्याची जमीन उंच असते, तेवढे सोसावे लागते.

खड्ड्यातून जाताना कोणतीही चासी थोडी पिळवटते. हा पीळ भिंतींच्या सांध्यांपर्यंत पोचतो, सांधे उघडतात आणि पाणी आत शिरते. मोटरहोमचा खरा शत्रू हे पाणीच. जुन्या पद्धतीत पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा, आतून पातळ प्लाय, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मधे थर्माकोल असे. लाकूड स्वस्त, हलके आणि स्क्रू घट्ट धरणारे. पण खिडकीच्या कोपऱ्यातून झिरपलेले पाणी खालच्या आडव्या पट्टीत साठते आणि ती आतल्या आत कुजते. वरचा प्लाय बोटाने दाबला आणि मऊ लागला, तर नुकसान आधीच झालेले असते.

सांगाड्यात लाकडाऐवजी वापरायच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कुजत नाहीत आणि पोलादाच्या साधारण एक तृतीयांश घनतेच्या असतात. पण त्या लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेतात. थंडीत नेमक्या त्या नळ्यांच्या ओळीवर आतून दव साचते. शिवाय पोलादाला थेट टेकल्या, तर खाऱ्या ओलसर हवेत ॲल्युमिनियम गंजू लागते. मधे रबर घालावे लागते.

सांगाडाच टाळणारी सँडविच पॅनेलची भिंत या सर्वांहून सरस आहे. 30 मिलिमीटर फोमच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर फायबरग्लास चिकटवला, तर चौरस मीटरला पाच-सहा किलो वजन होते. नुसता 12 मिलिमीटरचा प्लायच सातेक किलो भरतो. इथे फोम हाच आधार आणि तोच उष्णतारोधक. फक्त खिडकी कापलेल्या कडा बंद कराव्या लागतात, आणि कपाटे जिथे टांगायची तिथे आत मजबूत तुकडे आधीच बसवावे लागतात, कारण फोम स्क्रू धरत नाही.

भारतात मात्र आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळे मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या बांधणाऱ्याकडेच काम द्यावे.