उद्याचा अनुभव कोण घडविणार?

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला होता. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी त्याने एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात उमेदवारी केली. पहिले वर्ष व्हाउचरांवर खुणा करण्यातच गेले, आणि त्या कंटाळवाण्या कामाची तक्रार तो त्या काळी माझ्याकडे नित्य करीत असे. आज तो एका लेखापरीक्षण संस्थेत वरिष्ठ पदावर आहे. या भेटीत तो म्हणाला, ‘‘सर, ते काम आता संगणक काही मिनिटांत करतो. म्हणून यंदा आम्ही निम्मीच मुले घेतली. पण परवा एका हिशेबात मला काही तरी खटकले, आणि ते का खटकले हे शेजारी बसलेल्या मुलाला समजावून सांगता येईना. ते मला त्या व्हाउचरांनीच शिकविले होते.’’

त्याच्या या उद्गारात एक मोठा आर्थिक प्रश्न दडलेला आहे. वकिली, लेखापरीक्षण, व्यवस्थापन-सल्ला, संगणकसेवा हे व्यवसाय माल विकत नाहीत. माणसांचा वेळ आणि निर्णयशक्ती विकतात. त्यांच्या रचनेचे विवेचन डेव्हिड मेस्टर यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. ही रचना मनोऱ्यासारखी असते. शिखरावरचे थोडे लोक काम मिळवितात व जबाबदारी घेतात, मधले देखरेख करतात आणि तळाचे पुष्कळ लोक प्रत्यक्ष काम करतात. तळाच्या माणसाला मिळणारा पगार आणि त्याच्या वेळेबद्दल ग्राहकाकडून घेतला जाणारा मोबदला यांतील फरक हा संस्थेच्या नफ्याचा मोठा स्रोत होय. तथापि याच तळातून उद्याचे वरिष्ठ तयार होतात. म्हणजे मनोरा एकाच वेळी दोन वस्तू निर्माण करीत असतो: आजची सेवा आणि उद्याचा तज्ज्ञ. पहिलीचे बिल निघते. दुसरीची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

कौशल्यांची नोंदवही

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांना खुले झाले आणि या तळाच्या कामालाच हात लागला. कागदपत्रे वाचून सारांश काढणे, पहिला मसुदा करणे, साधा प्रोग्रॅम लिहिणे ही कामे यंत्र करू लागले. मोठ्या संस्थांनी विलंब केला नाही. २०२३ साली प्राइसवॉटरहाउसकूपर्सच्या अमेरिकेतील शाखेने तीन वर्षांत एक अब्ज डॉलर, तर अॅक्सेंचरने तीन अब्ज डॉलर या क्षेत्रात गुंतविण्याचे जाहीर केले.

याच सुमारास मनुष्यबळाच्या नियोजनाची रीतही बदलू लागली. पूर्वी पदे मोजली जात: इतके व्यवस्थापक, इतके सहायक. आता पदाचे कामांत आणि कामांचे कौशल्यांत विभाजन केले जाते. कर्मचाऱ्याचा बायोडाटा आणि त्याच्या आजवरच्या प्रकल्पांच्या नोंदी वाचून यंत्र त्याच्या अंगी कोणती कौशल्ये असावीत याचा अंदाज बांधते, नव्या कामाशी त्याचा मेळ घालते आणि पुढील वर्षी कशाची टंचाई भासेल तेही सांगते. हिंजवडीत ‘बेंच’वर बसलेल्या अभियंत्याला पुढचा प्रकल्प मिळणार की नाही, हे अशा नोंदवहीवर ठरू शकते.

या पद्धतीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. नामांकित महाविद्यालयाचा शिक्का आणि अस्खलित इंग्रजी यांवरच माणसाची पारख होण्याऐवजी त्याला प्रत्यक्ष काय येते हे पाहिले गेले, तर तालुक्याच्या गावातून आलेल्या तरुणाचे त्यात हितच आहे. पण याच नोंदवहीवर उपजीविका अवलंबून राहू लागली, हेही ध्यानात घ्यावयास हवे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या श्रेणीतील लोक प्रामुख्याने होते. यंत्रामुळे वाढलेली उत्पादकता हे त्याचे कारण नसून, कौशल्यांचा मेळ बसत नाही हे कारण आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले.

यंत्राची मदत आणि मर्यादा

यावर असा आक्षेप येईल की यंत्रामुळे नवख्यांचे नुकसान न होता लाभच होतो. त्याला आधारही आहे. एरिक ब्रिन्योल्फसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली ग्राहकांना मदत करणाऱ्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राच्या साहाय्याने त्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी, तर नवख्यांची ३४ टक्क्यांनी वाढली. मुरलेल्यांना मात्र फारसा लाभ झाला नाही. परंतु असे का झाले? निष्णात कर्मचाऱ्यांच्या बोलण्याची रीत यंत्राने आत्मसात केली होती आणि तीच ते नवख्यांना पुरवीत होते. नवखे जुन्यांच्या शिदोरीवर जेवले. उद्या जुनेच घडले नाहीत, तर शिदोरी कोण बांधून देणार?

त्याच वर्षी झालेला दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. त्यात बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांचा समावेश होता. यंत्राच्या आवाक्यातील कामे यंत्र वापरणाऱ्यांनी सुमारे १२ टक्के अधिक संख्येने आणि २५ टक्के अधिक वेगाने केली. पण मुद्दाम आवाक्याबाहेरचा प्रश्न दिला, तेव्हा बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण यंत्र न वापरणाऱ्यांच्या तुलनेत शंभरात सुमारे १९ने कमी भरले. यंत्र कोठे चुकते हे ओळखणे, हेच येथून पुढे मोलाचे कौशल्य ठरणार आहे, आणि नेमके तेच नोंदवहीत भरता येत नाही. कारण ते प्रशस्तिपत्राने येत नाही. शेकडो कंटाळवाण्या कागदांतून हात फिरल्यावर येते.

खर्च कोणाचा?

मग संस्था ते का शिकवीत नाहीत? याचे उत्तर गॅरी बेकर यांनी १९६४ सालीच दिलेले आहे. जे कौशल्य कोणत्याही संस्थेत उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च एकटी संस्था करू इच्छीत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. आजवर हा प्रश्न सुटत होता तो उमेदवाराच्या कष्टांमुळे. तो अल्प वेतनावर राबत होता आणि राबता राबता शिकत होता. त्याचे श्रम हीच त्याची फी होती. यंत्राने ते श्रम निरुपयोगी केले, आणि त्याबरोबर फी देण्याचे साधनही हिरावून घेतले. प्रत्येक संस्था शहाणपणाने वागून उमेदवार कमी करील, आणि दहा-पंधरा वर्षांनी सर्वांनाच वरिष्ठांची वाण भासेल.

उपाय अगदीच हाताबाहेरचे नाहीत. कौशल्यांच्या नोंदवहीत आज काय आहे याबरोबरच, प्रत्येक कौशल्य कोण कोणाला शिकवीत आहे, याचाही रकाना असावा. उमेदवाराने पहिला मसुदा स्वतः करावा, मग तो यंत्राच्या मसुद्याशी ताडून पाहावा. यात जाणारा वेळ वाया गेलेला न मानता शिक्षणाचा खर्च म्हणून मांडावा. आपल्याविषयी यंत्राने काय नोंदविले आहे, ते पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला हवा. शिकाऊ उमेदवार घेणे ही उद्योगाची सामाजिक जबाबदारी आहे, हे तत्त्व आपण १९६१च्या अप्रेंटिसेस कायद्यात मान्य केलेलेच आहे. बुद्धिजीवी व्यवसायांनी ते मनापासून पाळावे. चार्टर्ड अकाउंटंटच्या उमेदवारीची मुदत २०२३च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. वेळ घटला असता त्या वेळात उमेदवाराच्या हातून कोणते काम घडते, याला अधिकच महत्त्व येते.

आणि आम्हा अध्यापकांनीही केवळ कंपन्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. गाइडातील उत्तरे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्राची चूक कशी दिसावी? माझा तो विद्यार्थी निघताना म्हणाला, पुढल्या महिन्यापासून दोन मुलांना दर शनिवारी जुन्या व्हाउचरांचा एक गठ्ठा हाताने तपासावयास देणार आहे. ती दोघे कंटाळतील, त्याच्याविषयी कोणाकडे तरी तक्रारही करतील. तेवढी त्यांनी अवश्य करावी.